धोंडस की केक? एका फ्लॅटमधल्या चौघींचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी. भाडेकरू चौघी, सगळ्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. एकमेकींना गावाच्या नावानेच हाका मारायच्या, त्यामुळे खरी नावं लपवायचं माझं काम सोपं झालं. सांगली, सोलापूर, अकोला आणि चिपळूण. मी घरीच बेकिंगचे वर्ग घेते आणि सांगली माझ्याकडे दोन महिने शिकायला येत होती. म्हणून हे सगळं मला कळलं. काही भाग मी स्वतः पाहिला आणि एका चुकीत माझाही वाटा आहे, तो पुढे येईल. चौघींनी वाचून "लिहा ताई" म्हटल्यावरच हे लिहिलंय.

चौघींनी भाग घेतलेली बेकिंगची स्पर्धा साधीच होती. डिसेंबरमधला एक रविवार, पेठेतलं एक मंगल कार्यालय, प्रवेश शुल्क गटाला ३०० रुपये. पदार्थ घरून भाजून आणायचा, तिथे ४० मिनिटांत सजवून मांडायचा आणि परीक्षकांना दोन मिनिटांत त्याबद्दल सांगायचं. नाव द्यायच्या शेवटच्या दिवशी, रात्री साडेअकराला, सांगलीने मोबाइलवर फॉर्म भरला. तेव्हा बाकीच्या तिघी जेवत होत्या. काय करायचं हे ठरलेलं नव्हतं. मध्ये तीन आठवडे होते आणि त्यातला एक आठवडा प्रॅक्टिकलचा.

अडचण

मुलींच्या मते अडचण एकच होती: घरात अंडं आणायचं नाही. भाडेकरारात तसं लिहिलेलं नव्हतं, पण खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीण काकूंनी चाव्या देतानाच सांगितलं होतं, "अंडं-मटण वर न्यायचं नाही, बाहेर काय खायचं ते खा." चौघींपैकी सोलापूर स्वतःच अंडं खात नाही. बाकीच्या तिघी कोपऱ्यावरच्या भुर्जीच्या गाडीवर जाऊन हौस भागवत.

आता मागे वळून पाहताना मला अडचणी चार दिसतात. अंडं ही त्यातली सगळ्यात किरकोळ. दुसरी, ओटीजी म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन चालवायला वीज कुठून घ्यायची. तिसरी, शेवटचा शब्द कोणाचा, हे कोणी ठरवलंच नव्हतं. चौथी कोणाच्या ध्यानात आली नाही. पदार्थाची तालीम आठ दिवस झाली, स्पर्धेच्या दिवसाची एकदाही नाही.

अंड्याचे पर्याय

सांगलीला मावा केक करायचा होता. इराणी-पारशी बेकऱ्यांत मिळतो तसला, वेलदोड्याचा, वरून तांबूस आणि आत ओलसर. पुण्यात वाढलेल्या परीक्षकाला तो चुकूनही नावडणार नाही, हा तिचा हिशेब. हिशेब बरोबरच होता, पण त्या केकचं अर्धं काम अंडंच करतं. फेटताना हवा धरतं, लोणी आणि पाणी एकत्र बांधून ठेवतं आणि उष्णतेने घट्ट होऊन केकला उभं राहायला सांगाडा देतं.

पर्याय असे निघाले. अकोला म्हणाली, गुपचूप सहा अंडी आणू, टरफलं कॉलेजच्या डब्यात टाकू. सांगलीला माझ्या घरी येऊन करायचं होतं. मी हो म्हटलं, पण माझ्याकडे दोन रविवार वर्ग होते आणि इतर दिवशी त्या सहाला सुटायच्या. सोलापूरचं म्हणणं, बिनअंड्याचा करा, कंडेन्स्ड मिल्क आणि दही घालून. काकूंना सरळ विचारू, हा चौथा पर्याय पहिले दहा दिवस कोणी उच्चारलाही नाही.

निवडला सोलापूरचा पर्याय, पण तो पटला म्हणून नव्हे. सोलापूर म्हणाली, "तुम्ही अंड्याचा करा, पण मग मी त्या ओटीजीला हात लावणार नाही," आणि वाद टाळायला तिघी गप्प बसल्या. म्हणजे निर्णय झाला नाही, माघार झाली. हा फरक पुढे महागात पडला. बिनअंड्याचा केक बिघडला की सांगलीच्या चेहऱ्यावर "मी सांगत होते" उमटायचं आणि सोलापूर भांडी जरा जास्तच आपटून घासायची.

पहिले दोन घाणे आणि जळका वास

ओटीजी सोलापूरच्या मावशीकडून आणलेला, दीड हजार वॉटचा. २३० व्होल्टवर तो साडेसहा अँपिअर वीज ओढतो. स्वयंपाकघरातले सगळे सॉकेट ६ अँपिअरचे. ओटीजीचा जाड पिनांचा प्लग त्यात बसेना, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून कन्व्हर्टर प्लग आणला आणि तो एक्स्टेन्शन बोर्डात खुपसला. पहिला मावा केक कडेने फुगला आणि मधे खड्डा पडला. काडी घातली तर ओलं पीठ चिकटून आलं. दुसऱ्याच्या वेळी पंचविसाव्या मिनिटाला अकोला पाणी प्यायला आत आली आणि ओरडली, "अगं, वायर गरम होऊन रायली, बंद कर आधी!" बोर्डाचं प्लास्टिक एका बाजूने वितळलं होतं आणि भिंतीतल्या सॉकेटवर काळा डाग पडला होता.

अकोला इलेक्ट्रिकलची. तिने त्या रात्री मेन स्विच बंद करून घरातला एकेक पॉइंट तपासला. १६ अँपिअरचे पॉइंट दोनच निघाले, एक न्हाणीघरात गिझरचा आणि एक गॅलरीत वॉशिंग मशीनसाठी ठेवलेला. त्यांच्याकडे वॉशिंग मशीन नव्हतंच. म्हणून उरलेले सगळे घाणे गॅलरीत, प्लास्टिकच्या नव्हे तर लाकडी स्टुलावर ओटीजी ठेवून निघाले. स्वेटर घालून, टोपी घालून, डिसेंबरच्या वाऱ्यात. ओटीजीची वाऱ्याकडची बाजू थंड पडायची, त्यामुळे अर्ध्या वेळेनंतर टिन फिरवायचा हा नियमच झाला.

जळका सॉकेट लपवणं शक्य नव्हतं. तेव्हा कुठे सांगली आणि अकोला खाली गेल्या. काकू रागावल्या ते अंड्यावरून नाही, "आधी का नाही सांगितलंत" यावरून. अंड्याला नाहीच म्हणाल्या. गॅलरीत ओटीजी चालेल म्हणाल्या, मात्र सब-मीटरचं रीडिंग वहीत लिहून घेतलं आणि सॉकेट बदलायचा खर्च मुलींवर टाकला. वास्तविक एका घाण्याला जेमतेम एक युनिट जात असेल. पण काकूंचं बरोबर आहे, वायरिंग त्यांचं.

आजीचा फोन

मावा केक सोडला तो चिपळूणमुळे. तोवर ती या प्रकरणात भांडी विसळण्यापुरतीच होती. एका रात्री घरी फोनवर बोलताना तिने सहज सांगितलं की बिनअंड्याचा केक बसतोय. पलीकडून आजी म्हणाली, "मग धोंडस करा की. त्याला कुठे अंडं लागतंय?"

धोंडस ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोकणात पिकलेल्या मोठ्या काकडीचा म्हणजे तवशाचा कीस, रवा, गूळ, ओलं खोबरं आणि वेलदोडा एकत्र करून, जाड बुडाच्या पातेल्यात वर-खाली निखारे ठेवून भाजतात. गोव्यात त्यालाच तवसळी म्हणतात. मला गंमत वाटली ती ही, की ओटीजीच्या वरच्या-खालच्या सळया नेमकं निखाऱ्यांचंच काम करतात. आजीचा नियम होता, वर निखारे जास्त, खाली कमी. चौघी दहा दिवस अंड्याला पर्याय शोधत होत्या आणि ज्याला अंडं कधी लागलंच नाही असा पदार्थ त्यांच्यातल्याच एकीच्या घरी होत होता. पण तिला कोणी विचारलं नव्हतं आणि तीही आपणहून बोलली नव्हती. "स्पर्धेत काय धोंडस नेणार, असं वाटलं," हे तिचं नंतरचं उत्तर.

इथे खरा निर्णय झाला, कारण या वेळी चौघी जमिनीवर बसल्या आणि बोलल्या. सांगलीचा आक्षेप होता की परीक्षक याला केक म्हणणार नाहीत. अकोला म्हणाली, फॉर्मवर 'घरगुती बेकिंग' लिहिलंय, केक लिहिलेलंच नाही. फॉर्म उघडून पाहिला, खरंच नव्हतं. तीन विरुद्ध एक. सांगलीने ते मनापासून मानलं, हे तिचं मोठेपण.

धोंडसाचे घाणे

तवसं पावसाळ्याचं पीक, पण कोकणात ती आढ्याला टांगून पुढे कित्येक महिने ठेवतात. चिपळूणच्या आईने दोन तवशी ओळखीच्या माणसाबरोबर एसटीने पाठवली. पिवळीजर्द, जाड सालीची, एकेक दीड किलोच्या आसपास.

पहिला घाणा बाजारच्या काकडीचा, आजीच्या मापाने, सोड्याशिवाय. चव चांगली, पण वडीसारखा घट्ट. दुसऱ्यात सांगलीने अर्धा चमचा खाण्याचा सोडा घातला. रंग काळपट आला आणि जिभेवर साबणासारखी चव रेंगाळली. गुळाच्या आंबटपणाला पुरून उरला की सोडा असाच तोंडात येतो. तेव्हा मी पाव चमचा सांगितला. तिसरा घाणा तवशाचा, पहिल्यांदाच. दिसायला सगळ्यांत सुरेख आणि खायला कडूजहर. तवसं देठाकडून कडू निघू शकतं, म्हणून चिरण्याआधी त्या टोकाचा तुकडा चाखून बघायचा असतो. चिपळूणला ते माहीत होतं, पण त्या दिवशी ती प्रॅक्टिकलला गेली होती आणि बाकी तिघींनी सरळ किसणी हातात घेतली. अख्खं तवसं गेलं. आजीला कळलं तेव्हा ती आधी खूप हसली आणि मग म्हणाली, "सोडाही घातलात? मग ते धोंडस कसलं?"

आता एकच तवसं उरलं. सरावाला वापरायचं की स्पर्धेसाठी राखायचं? त्यांनी राखलं. चौथा आणि पाचवा घाणा बाजारच्या काकडीचा झाला आणि पाचवा मी स्वतः खाल्ला. फार छान होता. जाडा रवा तुपात बदामी रंगावर भाजलेला, पाव किलो. काकडीचा कीस ४०० ग्रॅम, सुटलेल्या पाण्यासकट. गूळ २०० ग्रॅम. मिश्रण तासभर मुरवून, टिनला केळीचं पान लावून भाजलेलं. पान गॅसच्या आचेवरून फिरवलं की क्षणात गडद आणि मऊ होतं, मग टिनच्या कोपऱ्यात न फाटता बसतं. चिपळूणने ते करून दाखवलं तेव्हा बाकी तिघी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. तापमानाचं कोडंही याच सुमाराला सुटलं. ४५० रुपयांचा ओव्हन थर्मामीटर आत ठेवला तर ओटीजीची खुंटी १८० वर असताना आत २०५ अंश दाखवत होता. खुंटी १५० च्या जरा खाली आणली तेव्हा आतलं तापमान १७० वर स्थिरावलं आणि ५० मिनिटांत घाणा बरोबर झाला.

माझा सल्ला

पाचवा घाणा खाऊन मी म्हटलं, "चव आहे, पण दिसायला तपकिरी चौकोन आहे. वर थोडं व्हिप्ड क्रीम घ्या." सजावटीला गुण असतात, हे माझ्या डोक्यात. चिपळूणला ते पटलं नाही. "ताई, धोंडसावर क्रीम?" एवढंच म्हणाली. मी वयाने आणि अनुभवाने मोठी, सांगली माझी विद्यार्थिनी, विषय तिथेच संपला. त्या सभागृहात फ्रिज आहे का, हे मी विचारलं नाही. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी पहिला प्रश्न तोच केला असता.

स्पर्धेचा दिवस

पहाटे पाचला चिपळूणने राखलेल्या तवशाचं टोक चाखलं. गोड होतं. कीस मोजून ४०० ग्रॅमच घेतला, पण दोन महिने टांगून राहिलेल्या त्या तवशाला बाजारच्या काकडीएवढं पाणी सुटलं नाही. मिश्रण घट्ट वाटतंय हे सोलापूरच्या लक्षात आलं. तिने वाटीभर दूध घालू का विचारलं. सांगली म्हणाली, माप बदलायचं नाही, पाचव्यांदा जमलं ते तसंच करायचं. आठ वाजता निघायचं होतं, त्यामुळे मुरवायला तासाऐवजी वीस मिनिटं मिळाली. रवा तहानलेलाच भट्टीत गेला.

रिक्षात टिन सोलापूरच्या मांडीवर आणि क्रीमचा डबा बर्फाच्या पिशवीत अकोलाकडे. सभागृहात फ्रिज नव्हता. साडेदहाला क्रीम लावलं, परीक्षक त्यांच्या टेबलाशी पावणेबाराला आले. दुपारचं ऊन पत्र्यावर आणि वर मंडपाचे दिवे. क्रीम एका बाजूने सैलावून केळीच्या पानावर उतरलं होतं. शेजारच्या टेबलावर तीनमजली फाँडंटचा, म्हणजे साखरेच्या लगद्याने मढवलेला केक होता, कृत्रिम गुलाबांसकट, तो मात्र ढिम्म हलला नव्हता.

बोलायचं सांगलीने, असं ठरलेलं. तिने पाठ केलेलं म्हटलं, "पारंपरिक चवीला आधुनिक रूप" वगैरे. एका परीक्षकाने विचारलं, "पण हा केक आहे का?" सांगली अडखळली. मग दुसऱ्या, वयस्कर परीक्षक बाईंनी कड तोडून खाल्ली आणि विचारलं, "घरी वर निखारे किती ठेवता?" याचं उत्तर चौघींत एकीलाच देता येत होतं. चिपळूण टेबलाच्या मागे क्रीम पुसत उभी होती, तिथूनच बोलायला लागली. पातेलं कुठलं, नारळाच्या करवंटीचे निखारे का, तवसं चाखून का बघायचं. दोन मिनिटांची चार झाली. बाईंनी क्रीम बाजूला सारून आणखी एक तुकडा घेतला.

निकाल

उत्तेजनार्थ. १,००० रुपये आणि एक प्रमाणपत्र. परीक्षकांच्या शेऱ्यात 'चव उत्तम, किंचित कोरडं, सजावट पदार्थाला साजेशी नाही' असं होतं. तिन्ही शेरे खरे.

खर्च सोलापूरने वहीत लिहिला होता: प्रवेश ३००, मावा केकचे दोन घाणे ७४०, थर्मामीटर ४५०, धोंडसाचे सहा घाणे १,१५०, सॉकेट आणि बोर्ड ३८०, क्रीम आणि डबे ३४०, रिक्षा २४०. एकूण ३,६००. बक्षीस वजा जाता प्रत्येकीला ६५० पडले. त्यावरून भांडण झालं नाही.

भांडण झालं प्रमाणपत्रावरून. फॉर्ममध्ये गटप्रमुखाचं नाव सक्तीचं होतं आणि गटाचं नाव ऐच्छिक. रात्री साडेअकराला घाईत सांगलीने स्वतःचं नाव टाकलं आणि दुसरी चौकट रिकामी सोडली. प्रमाणपत्रावर एकटीचंच नाव छापून आलं. चिपळूण काही बोलली नाही, पण दोन दिवस मेसचा डबा खोलीत नेऊन जेवली. सांगलीने बॉलपेनने खाली तिघींची नावं लिहिली, त्याने आणखी बिघडलं. "प्रगतिपुस्तकावर बाबांची सही करतात तसं वाटतंय," असं चिपळूण म्हणाली. आयोजकांना कळवल्यावर दुरुस्त प्रत देऊ म्हणाले, ती अजून आलेली नाही. चौघी पुढचं वर्षही त्याच फ्लॅटमध्ये एकत्र राहिल्या, तेव्हा फार ताणलं गेलं नाही म्हणायचं. पण सांगली आणि चिपळूण यांच्यात आधीचा मोकळेपणा यायला होळी उजाडली.

काय वेगळं करता आलं असतं

काकूंना पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. अंड्याला नकारच आला असता, पण दहा दिवस आणि ११०० रुपयांच्या वर वाचले असते.

उरलेल्या तवशाचे दोन भाग करून एक सरावाला वापरायला हवा होता. दीड किलोच्या फळातून साल-बिया वजा जाता दोन घाण्यांचा कीस सहज निघतो. त्यांना वाटलं, राखून ठेवणं म्हणजे काळजी घेणं. सराव एका मालावर झाला आणि परीक्षा दुसऱ्या मालावर. बाजारची काकडी आणि साठवणीतलं तवसं यांत फरक असतो हे मलाही ठाऊक होतं, पण मी विचारलंच नाही की रविवारी कोणतं वापरणार.

सकाळी सोलापूरने दूध सुचवलं तेव्हा ती बरोबर होती. तिच्याकडे माप नव्हतं, हाताला लागलेला घट्टपणा होता, आणि रवा-गुळाच्या पदार्थात तोच खरा. ऐनवेळी कोणाचं ऐकायचं हे आधी ठरलेलं नसल्यामुळे जी जोरात बोलली तिचं चाललं. कोणत्या गोष्टीत कोणाचा शब्द शेवटचा, एवढं कागदावर लिहिलं असतं तरी पुरलं असतं: मिश्रण चिपळूणचं, वीज आणि ओटीजी अकोलाचं, वेळ आणि कागदपत्रं सांगलीची, पैसे सोलापूरचे. प्रत्यक्षात कामं अशीच वाटली गेली होती, फक्त अधिकार वाटले नव्हते.

क्रीमबद्दल माझं मी बघून घेईन. धोंडस केळीच्या पानावर, शेजारी वाटीत घट्ट नारळाचं दूध, एवढं पुरे होतं. ते चिपळूणच्या घरी तसंच वाढतात, असं मला स्पर्धेनंतर कळलं.

गोड तवशाच्या बिया चिपळूणने धुऊन वर्तमानपत्रावर गॅलरीत वाळत घातल्या होत्या, मे महिन्यात घरी न्यायला. कडू तवशाच्या बिया कोणीतरी त्याच कागदावर ओतल्या. त्या कोणी ओतल्या, यावर चौघींचं अजून एकमत नाही.